कोणतं वाक्य सोडायचं?

रामदासपेठेत तर्कशास्त्र शिकवून घर चालतं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या मते या भागात पैसा मिळवायचे मार्ग तीनच: दवाखाना काढा, औषधांचं दुकान टाका, नाहीतर आपली जागा दवाखान्याला भाड्याने द्या. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. लोकमत चौकातून आत वळलं की पाट्यांवर हाडांचे, हृदयाचे, मेंदूचे आणि मुतखड्याचे डॉक्टर ओळीने भेटतात. छिंदवाडा, बालाघाट, चंद्रपूर, यवतमाळकडून आलेली माणसं हातात एक्स-रेची मोठी पाकिटं घेऊन पत्ते विचारत असतात. माझा क्लास अशाच एका इमारतीत, पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर होता. जिना एकच. पायऱ्यांवर रिपोर्टची वाट पाहणारे नातेवाईक बसलेले असायचे आणि त्यांच्या मधून वाट काढत माझी मुलं ‘सिलॉजिझम’ शिकायला वर यायची.

त्याआधी मी एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेच्या अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवत होते. तिथे मुलं हा विषय दोन कारणांनी घ्यायची. भूगोलाचं जर्नल पूर्ण करायचा कंटाळा, हे एक. आणि ‘यात गणितासारखे पैकीच्या पैकी पडतात’ असं कुणाच्या तरी मोठ्या भावाने सांगितलेलं, हे दुसरं. दोन्ही कारणं मला मान्य होती, पण संख्या घटत गेली. मग २०११ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने पूर्वपरीक्षेत तर्काचे प्रश्न असलेला सीसॅटचा पेपर आणला, दोन वर्षांनी एमपीएससीने आणला. बँकांच्या आणि विधी प्रवेशाच्या परीक्षांत तर्काचे प्रश्न होतेच. कॉलेजात ज्या विषयाला कुणी विचारत नव्हतं त्यासाठी रामदासपेठेत लोक आगाऊ फी भरायला लागले. पुढे २०१५ पासून यूपीएससीने सीसॅट फक्त पात्रतेपुरता ठेवला, ३३ टक्के मिळाले की झालं, तेव्हा गर्दी थोडी ओसरली. पण तोवर मी या इमारतीत रुळले होते.

स्पर्धापरीक्षेचं तर्कशास्त्र म्हणजे ‘सर्व पेन पुस्तके आहेत, काही पुस्तके टेबल आहेत’. तीन वर्तुळं काढायची, पर्याय निवडायचा, पुढच्या प्रश्नावर जायचं. मुलांना ही वाक्यं हास्यास्पद वाटतात. मला ती आवडतात, कारण पेन हे पुस्तक आहे की नाही याविषयी कुणाच्या भावना गुंतलेल्या नसतात. भावना गुंतल्या की काय होतं ते दाखवायला मी नव्या बॅचला फळ्यावर दोन युक्तिवाद लिहून द्यायचे. पहिला: सावजी खाणाऱ्या प्रत्येकाला तिखट चालतं, नागपूरकरांना तिखट चालतं, म्हणून नागपूरकर सावजी खातात. दुसरा: नागपुरात जन्मलेला प्रत्येक माणूस सावजी खातो, मॅडम नागपुरात जन्मल्या, म्हणून मॅडम सावजी खातात.

पहिला बरोबर, असा वर्ग एका आवाजात सांगायचा. दुसरा चूक, कारण मला सावजी रश्शाच्या पहिल्या घासाला ठसका लागतो हे जुन्या बॅचकडून सगळ्यांना कळलेलं असे. मग मी पहिल्याचाच सांगाडा ठेवून शब्द बदलायचे: प्रत्येक वाघाला चार पाय असतात, गायींना चार पाय असतात, म्हणून गायी वाघ आहेत. हशा पिकायचा. हसू ओसरलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, ‘मॅडम, मग मघाचं काहून बरोबर वाटलं?’

त्याच प्रश्नापासून माझं खरं शिकवणं सुरू होई. मघाचं बरोबर वाटलं ते त्याचा निष्कर्ष आधीच पटलेला होता म्हणून. मानसशास्त्रज्ञ जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रयोग करून हेच दाखवलं होतं: निष्कर्ष विश्वासार्ह वाटला की माणसं मधली जोडणी तपासत नाहीत, आणि पटला नाही की चांगली जोडणीही मोडीत काढतात. दुसऱ्या युक्तिवादाची जोडणी पक्की आहे. त्यात खोटं आहे ते पहिलं वाक्य. युक्तिवाद वैध असणं आणि त्यातली वाक्यं खरी असणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, हे पुस्तकाच्या पहिल्या धड्यातच छापलेलं असतं. मुलं ते पाठही करतात. अंगवळणी पडायला मात्र वर्ष जातं, आणि काहींच्या तर कधीच पडत नाही.

आपल्याकडे या जोडणीला जादा पायऱ्या होत्या. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त अनुमान दुसऱ्याला पटवून द्यायचं तर पाच वाक्यं लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. इथेही तसाच धूर आहे. म्हणून अग्नी आहे. पाश्चात्त्य पद्धतीवर वाढलेल्या मला हे स्वयंपाकघर बरीच वर्षं अनावश्यक वाटायचं. शिकवताना त्याची किंमत कळली. उदाहरण मागितलं की नियम बोलणाऱ्याच्या तोंडून बाहेर काढावा लागतो. विदर्भातल्या मुलांना तर उदाहरणाची भारी हौस. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे आणि त्या पंथाचे चक्रधर ज्या रिद्धपुराशी जोडलेले ते इथून काही तासांवर. पण दृष्टांतपाठात वर सूत्र असतं. माझ्या वर्गात नुसते दृष्टांत असायचे: ‘माझ्या मामाने इंजिनीअरिंग केलं, आता घरीच बसून आहे.’ बरं, मग? नियम काय? नियम विचारला की मामा एकदम एकटा पडायचा.

‘जर-तर’च्या वाक्यांवर दरवर्षी एक दिवस भांडणात जाई. पूर्वांग, म्हणजे ‘जर’चा भाग, खोटं असेल तर सगळं वाक्य खरं धरायचं, हे सत्यता कोष्टकातलं कलम कुणालाच पचत नाही. मी निवडणुकीवर जायचे. ‘निवडून आलो तर तुमच्या वस्तीत रस्ता करीन,’ असं उमेदवार म्हणाला आणि पडला. रस्ता झाला नाही. त्याने शब्द मोडला का? नाही. रस्ता झाला असता तरी नाही. हरलेल्या उमेदवाराचं आश्वासन खोटं ठरवायची सोयच नसते. यावर एकजण म्हणाला, ‘म्हणूनच बे, हरणारे लै आश्वासनं देतात!’ आणि त्या दिवसापुरतं कोष्टक सगळ्यांना मान्य झालं.

हे सगळं परीक्षेपुरतं. मला हवं होतं ते वेगळंच होतं, आणि ते अभ्यासक्रमात कुठेही नव्हतं म्हणून मी शनिवारी दुपारी फुकट घ्यायचे. प्रत्येकाने एका कोऱ्या कागदावर वर लिहायचं: ‘मी असं मानतो की…’ आपलं खरंखुरं मत, ज्यावर घरी किंवा होस्टेलवर भांडण झालंय असं. खाली कारणं, एका ओळीत एकच. मग पेन खाली ठेवून स्वतःला विचारायचं: ही सगळी कारणं खरी धरली तरीही वरचं मत खोटं असू शकेल, अशी परिस्थिती मला कल्पिता येते का? येत असेल तर मधे एक वाक्य गाळलेलं आहे. ते लाल शाईने लिहायचं.

बहुतेक कागदांवर खरं भांडण त्या लाल वाक्यात सापडायचं. ते कुणी मुद्दाम लपवलेलं नसे. इतकं उघड वाटायचं की लिहायची गरज भासलेली नसे, एवढंच.

नागपुरात असा वर्ग घेतला की वेगळ्या विदर्भाचा विषय निघणारच. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचं स्वतंत्र राज्य सुचवलं होतं. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ ला, नागपूर करार झाला होता. संयुक्त महाराष्ट्रात आलात तर लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, अशी त्याची कलमं. १९६० पासून अधिवेशन होतं आहे. डिसेंबरात मोर्चे निघतात, रस्ते बंद होतात आणि मुलं क्लासला उशिरा येतात. बाकीच्या कलमांचा हिशेब करायला १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. एवढी कागदपत्रं हाताशी असल्यामुळे मुलांच्या कागदांवर कारणांची वाण नसायची.

एका शनिवारी वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलाने असा कागद लिहिला. वर: विदर्भाचं वेगळं राज्य व्हायला हवं. खाली: कराराप्रमाणे वाटा मिळाला नाही, सिंचनाचा अनुशेष राहिला, मुंबई आठशे किलोमीटरवर आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी प्रश्न विचारला: हे सगळं खरं असूनही वेगळं राज्य ‘नको’ म्हणणारा माणूस स्वतःशी विसंगत ठरेल का? नाही ठरणार. कारणं सगळी ‘आहे-नाही’ची आणि निष्कर्ष ‘हवं’चा. ‘आहे’वरून थेट ‘हवं’वर उडी मारता येत नाही, ही तक्रार तत्त्वज्ञ ह्यूमने १७४० मध्ये नोंदवून ठेवली आहे. मधला पूल घालायला त्या मुलाने लाल शाईने लिहिलं: ‘ज्या भागाला दूरच्या राजधानीकडून त्याचा वाटा मिळत नाही, त्या भागाचं वेगळं राज्य व्हायला हवं.’

आता युक्तिवाद वैध झाला. तो मुलगा खूश. तेवढ्यात खिडकीजवळ बसणारी एटापल्लीकडची मुलगी बोलली. ती वर्गात फारशी बोलत नसे. तिने उभं न राहता विचारलं, ‘मग आमचं गडचिरोली तुमच्या विदर्भात काहून राहावं?’

वर्ग गप्प. तिचं म्हणणं साधं होतं. लाल वाक्यात विदर्भाचं नाव नाही. ते प्रत्येक भागाला लागू आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, तेव्हाही हेच कारण होतं, लांब पडतं. उद्या राजधानी नागपूर झाली आणि वाटा आला नाही, तर त्याच वाक्याने गडचिरोलीचं राज्य मागता येईल, मग त्यातल्या सिरोंचाचं. त्या मुलाला हा निष्कर्ष नको होता. पण वाक्य त्याच्याच अक्षरात होतं.

तो चिडला. ‘तुम्ही शब्दांत पकडता,’ म्हणाला. मग दुसऱ्या बाजूच्या एकाने, मूळच्या पुण्याच्या, वडिलांची बदली म्हणून इथे आलेल्या मुलाने, विजयी सुरात आपला कागद वाचला: महाराष्ट्र एकच राहायला हवा, कारण सगळे मराठी बोलतात. लाल वाक्य: एका भाषेच्या लोकांचं एकच राज्य असायला हवं. एटापल्लीच्या मुलीने त्यालाही सोडलं नाही. ‘तेलुगूवाल्यांची दोन झाली ना २०१४ मध्ये? सिरोंचातून पलीकडे पाहिलं की तेलंगणच दिसतं. आणि हिंदीची किती आहेत?’ त्याने बराच वेळ विचार केला आणि लाल वाक्यात ‘शक्यतो’ घातलं. ‘शक्यतो’ घातल्याबरोबर जोडणी सुटली. आता निष्कर्षही ‘शक्यतो’च राहणार होता.

त्या दुपारी विदर्भाचा प्रश्न सुटला नाही, पण मला कळून चुकलं की मी इतकी वर्षं तर्कशास्त्राची जाहिरात चुकीच्या शब्दांत करत आले. मी सांगायचे: आधारविधानं मान्य केली की निष्कर्ष मान्य करावाच लागतो. हे अर्धंच आहे. वैध युक्तिवाद हा दुहेरी वाहतुकीचा रस्ता आहे. पुढे जाऊन निष्कर्ष स्वीकारा, नाहीतर निष्कर्ष नाकारून मागे या आणि आधारातलं एखादं वाक्य सोडा. दोन्ही तितकंच तर्कशुद्ध. पुस्तकात पहिल्याला एम.पी. (मोडस पोनन्स) म्हणतात, दुसऱ्याला एम.टी. (मोडस टोलन्स); नियमांच्या यादीत ते एकाखाली एक असतात आणि मुलं दोन वेगळे नियम म्हणून पाठ करतात. आधारविधानं सगळी धरून ठेवायची आणि निष्कर्ष तेवढा सोडायचा, हे एकच करता येत नाही. काय मानावं ते तर्कशास्त्र सांगत नाही. काय काय एकत्र मानता येणार नाही ते सांगतं. निवड माणसाची.

मुलं अर्थातच विचारायची, ‘मॅडम, तुमचं मत?’ मी टाळत नसे. मला स्वतःला छोट्या राज्याचा कारभार जवळचा वाटतो, म्हणून मी वेगळ्या राज्याच्या बाजूने झुकते. पण ‘वाटा मिळाला नाही म्हणून’ या कारणावर नाही. ते वाक्य मी त्या मुलीमुळे सोडलं, आणि त्यामुळे माझं मत पूर्वीपेक्षा दुबळं झालंय हेही सांगायचे. मतामागचा आधार सांगायची ही सवय जुनी. नागपुरात एप्रिल १९९० मध्ये दि. य. देशपांडे यांनी आगरकरांची आठवण ठेवून ‘आजचा सुधारक’ सुरू केलं. त्या मासिकाच्या वाचकांच्या घरांत मी वाढले. तिथल्या चर्चांत आवाज चढत, पण ‘हे कोणत्या आधारावर?’ असं विचारलं तर कुणी अपमान मानत नसे. तेवढी सवय वर्गाला लागली तरी पुष्कळ, असं मला वाटायचं.

पण वैध युक्तिवादाचा हा पक्केपणा जिन्याच्या खालच्या मजल्यावर चालत नव्हता. लॅबच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांशी बोलणं व्हायचंच. कुणीतरी रिपोर्ट पुढे करून विचारी, ‘ताई, निगेटिव्ह लिहिलंय, म्हणजे चांगलं की वाईट?’ पावसाळ्यात प्रश्न ठरलेला: प्लेटलेट किती? कारण डेंग्यू झाला की प्लेटलेट उतरतात, हे एव्हाना नागपुरात शाळेतल्या पोराला माहीत आहे. आणि प्लेटलेट उतरल्या म्हणून डेंग्यू, हेही सगळे धरूनच चालतात. माझ्या फळ्यावर याला सरळ फुली: उत्तरांग, म्हणजे ‘तर’चा भाग, खरं म्हणून पूर्वांग खरं ठरत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात या फुलीचा अर्थ विदर्भाने पाहिला. ताप, अंगदुखी, उतरलेल्या प्लेटलेट, आणि आजार डेंग्यू नव्हता. स्क्रब टायफस होता, झाडाझुडपांतल्या बारीक माइटच्या अळ्या चावल्याने होणारा. माणसं दगावली. औषध साधं होतं, डॉक्सिसायक्लिन. आधी तो आजार मनात यायला हवा होता.

हे वर्गात सांगितल्यावर मुलं डॉक्टरांवर हसायला लागली, तेव्हा मी त्यांना थांबवलं. डॉक्टरला दुसरा मार्गच नसतो. लक्षणांवरून आजाराकडे जायचं म्हणजे उत्तरांगावरून पूर्वांगाकडे उलटं चालायचं. त्याशिवाय निदान होत नाही. चांगला डॉक्टर या उलट्या चालीला वैध युक्तिवाद समजत नाही, एवढाच फरक. तो लाल शाईचं वाक्य डोक्यात ठेवतो: ‘याच लक्षणांचं दुसरं काही कारण नसेल तर.’ मग त्या ‘दुसऱ्या’चा शोध चालू ठेवतो, अंगावर कुठे काळी खपली दिसते का पाहतो. आमच्या परीक्षांना हा भाग विचारता येत नाही, कारण त्याला चार पर्याय देता येत नाहीत.

खात्रीच्या बाबतीत आणखी एक गंमत मुलांनीच मला दाखवली. सराव परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलीला मी विचारलं, पहिलं उत्तर बरोबर? हो. दुसरं? हो. अशी सगळी झाली. जे येत नव्हते ते प्रश्न तिने सोडलेच होते. ‘म्हणजे जेवढे सोडवले तेवढ्यांचे पूर्ण मार्क?’ ‘नाही मॅडम, दोन-चार तर चुकलेच असतील.’ प्रत्येक उत्तर बरोबर आहे असं मानायचं आणि सगळी बरोबर नाहीत असंही मानायचं! कोष्टक मांडलं तर हा उघड व्याघात आहे. तर्कशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकिन्सनने १९६५ मध्ये हेच कोडं पुस्तकाच्या प्रस्तावनेवरून मांडलं: लेखक प्रत्येक विधान तपासून लिहितो आणि प्रस्तावनेत राहिलेल्या चुकांबद्दल माफीही मागतो. ती मुलगी काही मूर्ख नव्हती. उलट तिच्याइतका शहाणा अंदाज कुणी बांधला नसता. वाक्य खरं नाहीतर खोटं असतं. आपला त्यावरचा विश्वास मात्र कमी-जास्त असतो, आणि शंभर जवळजवळ-खात्र्या एकत्र केल्या की एक खात्री होत नाही. यावर सर्वमान्य उत्तर आहे असा दावा तर्कशास्त्रज्ञही करत नाहीत. मी तिला फक्त सांगितलं, तुझं ठीक आहे, पुढच्या बॅचला हा प्रश्न तुझ्या नावावर विचारीन.

आता आणखी एका मुलीचं. यवतमाळ जिल्ह्यातली, कापूस-सोयाबीनवाल्या घरातली, विधी प्रवेशाच्या तयारीला आलेली. तिला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि वडील पाठवत नव्हते. शनिवारच्या कागदावर तिने वडिलांचा युक्तिवाद लिहून आणला: बाहेरगावी शिकायला गेलेल्या मुली परत येत नाहीत, तू परत यायला हवंस, म्हणून तू जाऊ नकोस. वर्गाने मिळून त्याच्या चिंध्या केल्या. पहिलं वाक्य खोटं. तिच्याच गावच्या दोघी परत येऊन शिक्षिका झाल्या होत्या. शिवाय नागपूरही बाहेरगावच. ती आवेशात घरी गेली, सगळं मुद्देसूद मांडलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुझं बरोबर हाय. पण पाठवत नाई.’

ती सोमवारी रडवेली होऊन आली. ‘मॅडम, त्यांनी आधारविधान सोडलं आणि निष्कर्ष धरून ठेवला. असं करता येतं का?’

करता येतं. निष्कर्षाचा एक आधार पडला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो फक्त बिनआधाराचा होतो. आणि माणूस बिनआधाराचं मत इतक्या शांतपणे धरून बसला असेल तर बहुधा आधार दुसरीकडे असतो, सांगितलेला नसतो. हे मी तिला तेव्हा इतकं नीट सांगू शकले नाही. सांगितलं ते एवढंच की वाद जिंकायला जाऊ नकोस, कागद कोरा घेऊन जा आणि त्यांनाच लिहायला सांग.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील स्वतःच आले. आपल्या आईच्या तपासण्यांसाठी आले होते, रिपोर्टला वेळ होता. पायरीवर बसले होते, मी चहा मागवला. सुरुवातीला पावसाचं, बोंडअळीचं बोलणं झालं. मग म्हणाले, ‘पोरगी म्हणते कारण लिहा. मले लिवता येत नाई असं नाई, मॅडम. पण तिच्यासमोर काय लिवू? सोसायटीचं कर्ज थकलंय म्हणून लिवू?’

एवढंच कारण होतं. पुण्याचा खर्च झेपणार नव्हता आणि ते मुलीला सांगायची लाज वाटत होती. मुली परत येत नाहीत, हे वाक्य त्यांनी गावातलं उचललं होतं, कारण ते बोलायला सोपं होतं आणि त्यात त्यांची पत जात नव्हती. आम्ही वर्गभर बसून ज्या युक्तिवादाच्या चिंध्या केल्या त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. तेव्हापासून मी शनिवारच्या कागदावर एक ओळ वाढवली: ‘हे कारण उद्या खोटं ठरलं तर माझं मत बदलेल का?’ बदलणार नसेल तर ते कारण खोडून टाकायचं, कितीही खरं असलं तरी. ही ओळ लिहिताना मुलं सगळ्यात जास्त वेळ घेत. काही जण कागद घडी घालून खिशात टाकत आणि दाखवत नसत. मी मागत नसे.

कारण कळल्यावर गणित सोपं झालं. नागपूर विद्यापीठाचं विधी महाविद्यालय अमरावती रोडवर, फी कमी, आणि राहायला मावशीकडे. मुलीने पुण्याचा हट्ट सोडला, पण त्याला महिना लागला आणि तो महिना घरात बोलाचाली बंद होती, हेही सांगायला हवं.

ती वकील झाली. तिच्या वडिलांचा अजून अधूनमधून फोन येतो. दोनेक वर्षांमागे पावसाने सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि पीकविम्याचा दावा फेटाळला गेला. मुलगी कोर्टाच्या कामात होती म्हणून त्यांनी मला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवलं नाही तर भरपाई नाही. तुम्ही कळवलं नाही. म्हणून भरपाई नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘जोडणी त पक्की हाय, मॅडम. मंग यातलं कोणतं वाक्य खोटं हाय ते पाहाचं ना?’

दुसरं खोटं होतं. त्यांनी टोल-फ्री नंबरवर दुसऱ्याच दिवशी फोन केला होता आणि तो मोबाइलमध्ये तारीख-वेळेसकट दिसत होता. त्याचा फोटो आणि तक्रारीचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात दिला. भरपाई आली, पण मागितल्याच्या निम्मी. उरलेली निम्मी का नाही, याचं पत्र अजून आलेलं नाही.